वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या शेतात
(डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे : जीवन, कार्य व कुटुंब)

अमेरिकेच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडले की एक चित्र हमखास आढळते. ताडपत्री घातलेली लाकडी गाडी, पुढे बैलांची किंवा घोड्यांची जोडी, गाडीत बायको-मुले, पेटारा आणि बियाण्याच्या गोण्या, आणि समोर क्षितिजापर्यंत पसरलेले गवताळ रान. हा तेथील 'आद्य वसाहतकार'. १८६२ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सहीने होमस्टेड कायदा झाला आणि जो कोणी पाच वर्षे वस्ती करून जमीन कसेल त्याला १६० एकर जमीन नाममात्र शुल्कात मिळू लागली. लाखो कुटुंबे पश्चिमेकडे निघाली. अमेरिकन माणूस आजही आपल्या पणजोबाच्या त्या गाडीविषयी अभिमानाने बोलतो.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती नजरेआड करू नये. ते रान रिकामे नव्हते. तेथे रेड इंडियन जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या. त्यांना रेटून, कधी कराराने आणि कधी बंदुकीने, ती जमीन मोकळी करण्यात आली. म्हणजे एकाचे घर वसले तेव्हा दुसऱ्याचे उठले.

हा भाग अभ्यासताना मनात एक प्रश्न आला. आपल्या मराठी मुलखातून असा कोणी माणूस अमेरिका खंडात गेला काय, जो तेथे नुसता शिकून परत आला नाही तर तेथील मातीत उभा राहिला, तेथे संसार केला, आणि तेथील शेतीला काही देऊन गेला? आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या, हे आपण शाळेत शिकतो. परंतु त्यांना आयुष्यच थोडे लाभले. १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे देहावसान झाले. शोध घेता घेता दुसरे नाव हाती लागले. ते नाव आमच्या वर्गातील एकाही विद्यार्थ्याला ठाऊक नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते. ते नाव म्हणजे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्धा येथे जन्मलेला हा माणूस मेक्सिकोत तीस वर्षे राहिला. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा व कुटुंबाचा परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे.

बालपण आणि घर सोडणे

खानखोजे यांचा जन्म नोव्हेंबर १८८४ मध्ये वर्ध्यास झाला. प्राथमिक व माध्यमिक शिक्षण वर्ध्यास झाले आणि पुढील शिक्षणासाठी ते नागपुरास आले. तो काळ लोकमान्य टिळकांचा होता. 'केसरी'चा अंक गावोगाव वाचला जाई आणि एक जण वाचीत असला तर दहा जण ऐकत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाड होरपळून निघाले होते. ज्या मुलाने वयाच्या बाराव्या आणि पंधराव्या वर्षी दुष्काळ पाहिला, त्याच्या मनात परकीय सत्तेचा संताप आणि शेतीची चिंता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी रुजल्या असतील, तर त्यात नवल नाही. त्यांचे पुढील सर्व आयुष्य या दोन गोष्टींच्या ओढाताणीतच गेले.

फ्रान्सची राज्यक्रांती आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध ही या तरुणाची स्फूर्तिस्थाने होती. सशस्त्र लढ्यावाचून स्वराज्य मिळणार नाही, आणि त्यासाठी लष्करी शिक्षण घेतले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. गुलाम देशात ते शिक्षण मिळणे शक्य नव्हते. देश सोडण्यापूर्वी त्यांनी टिळकांची भेट घेतली. टिळकांनी त्यांना जपानला जाण्याचा सल्ला दिला. १९०४-०५ च्या युद्धात रशियासारख्या बलाढ्य सत्तेला नमविणारे जपान त्या वेळी आशियातील तरुणांना दीपस्तंभासारखे वाटत होते. खानखोजे जपानला गेले, तेथील आणि चीनमधील देशभक्तांच्या सहवासात काही काळ राहिले, आणि तेथून पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. विसाव्या शतकाचे पहिले दशक अद्याप संपायचे होते.

घरातून निघालेला हा तरुण पुन्हा आपल्या मातीत स्थिर होईपर्यंत जवळजवळ अर्धशतक लोटणार होते. निघताना त्याला किंवा त्याच्या घरच्यांना याची कल्पना असणे शक्यच नव्हते.

ऑरेगॉनची अरण्ये आणि 'गदर'

अमेरिकेत खानखोजे यांनी शेतकी महाविद्यालयात नाव घातले. पुढे कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथील माउंट तमालपाइस लष्करी विद्यालयात प्रवेश मिळवून ज्यासाठी घर सोडले होते ते शिक्षणही घेतले. नंतर वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील शेतकी शिक्षणाशी त्यांचा संबंध आला. एका हाती बंदूक आणि दुसऱ्या हाती नांगर, असा हा अभ्यासक्रम त्यांनी स्वतःच आखला होता.

पश्चिम किनाऱ्यावर त्या वेळी काही हजार हिंदी लोक होते. बहुतेक पंजाबातील शेतकरी आणि फौजेतून निवृत्त झालेले शिपाई. ते लाकूड कापण्याच्या गिरण्यांत, रेल्वेच्या रुळांवर आणि फळबागांत मजुरी करीत. गोऱ्या वसाहतकाराला ज्या देशाने १६० एकर जमीन दिली, त्या देशाने या माणसांना काय दिले ते पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावी गोऱ्यांच्या जमावाने हिंदी मजुरांच्या वस्तीवर हल्ला करून त्यांना गावाबाहेर हाकलून दिले. १९१३ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला की, ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परकीयांनी शेतजमीन विकत घेऊ नये. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्यांना दारच बंद झाले. आणि १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस 'गोरा' ठरत नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला.

या जाचातून मार्ग काढणाऱ्या काही पंजाबी शेतकऱ्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील इंपीरियल खोऱ्यात मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. त्या घरांत मक्याची पोळी आणि आपल्याकडची भाजी एका ताटात आली. मजुरांच्या याच जगात खानखोजे यांची मेक्सिकन मजुरांशी आणि तेथील क्रांतीच्या विचारांशी ओळख झाली. १९१० साली मेक्सिकोत हुकूमशहा पोर्फिरिओ दियाझ याच्याविरुद्ध क्रांतीचा वणवा पेटला होता. 'जमीन आणि स्वातंत्र्य' ही तेथील शेतकऱ्यांची मागणी होती. वर्ध्याच्या तरुणाला ही मागणी परकी वाटली नाही.

१९१३ साली पॅसिफिक किनाऱ्यावरील हिंदी लोकांची संघटना उभी राहिली. सोहनसिंग भकना अध्यक्ष, लाला हरदयाळ चिटणीस आणि पंडित काशीराम खजिनदार होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सॅनफ्रान्सिस्कोहून 'गदर' हे पत्र निघू लागले आणि त्या पत्रावरून संघटनेलाही तेच नाव पडले. संस्थापक मंडळींत खानखोजे होते. गदरची आठवण निघाली की आपल्याला कर्तारसिंग सराभा आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. पण लाहोरच्या तुरुंगात १६ नोव्हेंबर १९१५ रोजी त्याच्याबरोबर फासावर गेलेल्यांत तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हा मराठी तरुणही होता, हे आपण बहुधा विसरतो.

दारे बंद होत गेली

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्रज युद्धात गुंतला आहे, आता उठाव करावा, असा गदरचा बेत होता. शेकडो माणसे बोटीने हिंदुस्थानाकडे निघाली. फेब्रुवारी १९१५ चा उठाव फितुरीमुळे फसला आणि फाशी व काळे पाणी यांचे सत्र सुरू झाले. खानखोजे पश्चिमेच्या मार्गाने इराण-बलुचिस्तानच्या बाजूला उतरले होते. तेथून हिंदी फौजेत असंतोष पसरवावा आणि सरहद्दीवरून आघाडी उघडावी, असा हेतू होता. तोही सफल झाला नाही. युद्ध संपल्यावर ते युरोपात आले. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त वगैरे बर्लिनमधील क्रांतिकारकांबरोबर ते मॉस्कोलाही गेले. तेथूनही प्रत्यक्ष मदत पदरात पडली नाही.

आता त्यांची स्थिती कशी होती ते पाहावे. हिंदुस्थानात पाऊल टाकावे तर इंग्रजांचा तुरुंग किंवा फास. अमेरिकेत हिंदी माणसाला प्रवेश नाही. युरोपातून हद्दपारीची टांगती तलवार. वय चाळिशीला आलेले. ज्या कामासाठी घर सोडले ते काम अपुरे राहिलेले. अशा वेळी पुष्कळ माणसे मोडतात. काही क्षमापत्र लिहून देऊन मायदेशी परततात, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार सुखात बसलेल्या आपल्याला नाही. खानखोजे यांनी तिसरा मार्ग धरला. ऐन तारुण्यात मेक्सिकन मित्रांशी जुळलेली ओळख त्यांच्या मदतीला आली आणि १९२४ साली ते मेक्सिकोत दाखल झाले.

चापिंगो येथील शेतकी शाळा

मेक्सिको शहराजवळ चापिंगो नावाचे गाव आहे. तेथे पूर्वी एका बड्या जमीनदाराचा प्रचंड वाडा आणि जमीन होती. एके काळी देशाचा राष्ट्राध्यक्ष असलेला मानुएल गोन्झालेझ त्याचा मालक होता. क्रांतीनंतर ती जागा राष्ट्रीय कृषिशाळेला मिळाली. जेथे मजूर चाबकाखाली राबत होते तेथे त्यांची मुले शेतीशास्त्र शिकू लागली. खानखोजे या शाळेत प्राध्यापक झाले. भाषा स्पॅनिश, विद्यार्थी मेक्सिकन आणि शिक्षक वर्ध्याचा, असा तो योग होता.

त्यांच्या संशोधनाचे मुख्य पीक मका होते. आपल्याकडे जे स्थान ज्वारीचे तेच मेक्सिकोत मक्याचे. मका मुळात त्याच भूमीतला. सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनी 'तेओसिंते' नावाच्या रानगवतापासून निवड करीत करीत मका घडविला, असे आज शास्त्रज्ञ मानतात. खानखोजे यांनी मक्याच्या जाती, त्यांचा संकर आणि मक्याचे या रानटी नातलगाशी असलेले नाते यांचा अभ्यास केला. १९३० साली मक्याच्या नव्या जातींवर आणि १९३६ साली 'ग्रानादा' म्हणजे डाळिंब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मक्यावर त्यांच्या पुस्तिका प्रसिद्ध झाल्या. मक्याखेरीज गहू, कडधान्ये आणि रबर यांवरही त्यांनी काम केले. थंडीचा कडाका आणि पावसाचा ताण सोसणाऱ्या जाती काढणे हे त्यांचे उद्दिष्ट होते.

संकर म्हणजे काय हे कलाशाखेच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मक्याच्या ताटाला शेंड्यावर जो तुरा येतो तो नर. मध्ये पानाच्या बगलेत जे कणीस धरते ते मादी, आणि कणसाच्या टोकाला लोंबणारे केस हे एकेका दाण्याचे परागवाहक धागे. वाऱ्याने तुऱ्यातील पराग केसांवर पडले की दाणा भरतो. वाऱ्यावर सोडले तर कोणत्या तुऱ्याचा पराग कोणत्या कणसावर पडला ते कळणार नाही. म्हणून संशोधक केस बाहेर पडण्यापूर्वीच कणसावर कागदी पिशवी बांधतो, हव्या त्या ताटाचा पराग गोळा करतो आणि आपल्या हाताने त्या केसांवर झाडतो. दाणे तयार झाले की पुढच्या हंगामात पेरून पाहतो. शंभर ताटांतून पाच निवडतो, त्यांतून पुन्हा निवडतो. एक जात स्थिर व्हायला अशी कित्येक वर्षे जातात. घाई करून चालत नाही. ज्या माणसाला तरुणपणी एका रात्रीत राज्य उलथवायचे होते, त्याने उत्तरायुष्यात एकेका कणसाला पिशवी बांधीत हंगामामागून हंगाम काढावेत, याचे मला फार नवल वाटते.

ही गोष्ट वाचताना मला आमच्या घरची आजी आठवली. आमच्या भागात पूर्वी मळणीच्या आधी ज्वारीची भरदार कणसे निवडून वेगळी काढीत आणि मक्याची कणसे सोलपटासकट आढ्याला टांगीत. चुलीच्या धुराने त्यांना कीड लागत नसे. ते पुढच्या सालचे बियाणे. आजी ती कणसे कोणाला हात लावू देत नसे. निवड करणारी ती बाई अक्षरशत्रू होती, पण चापिंगोच्या प्रयोगशाळेत जे चालले होते त्याचा पहिला धडा तिला पाठ होता.

खानखोजे यांचे काम प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. शेतकरी आणि शेतमजूर यांच्यासाठी त्यांनी 'मुक्त कृषिशाळा' चालविण्याच्या कामी पुढाकार घेतला. शेतकऱ्याने कामाच्या वेळा सांभाळून शिकावे, शिक्षकाने त्याच्या शेतावर जावे, असा या शाळांचा रोख होता. आपल्याकडे पुढे कृषिविस्तार या नावाने जे काम सुरू झाले त्याच्याशी याचे साम्य सहज दिसेल.

चित्रकार, छायाचित्रकार आणि मका

मेक्सिकोचा थोर चित्रकार दिएगो रिवेरा हा खानखोजे यांचा स्नेही होता. १९२४ ते १९२७ या काळात रिवेराने चापिंगो येथील जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंती रंगविल्या. त्यांतील एका चित्रात क्रांतिवीर एमिलियानो झपाटा मातीखाली निजलेला असून त्याच्यावर मक्याचे पीक उभे आहे. झपाटाची हत्या १९१९ साली झाली होती. हुतात्म्याचे रक्त आणि धान्याचे दाणे यांचा संबंध इतक्या सोप्या रीतीने दाखविणारे चित्र दुसरे आठवत नाही. खानखोजे त्याच आवारात शिकवीत होते.

मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतील भिंतीवर रिवेराचे 'आमची रोजची भाकर' या अर्थाच्या नावाचे चित्र आहे. टेबलाभोवती कष्टकरी माणसे बसली आहेत आणि एक जण भाकरी मोडून वाटीत आहे. भाकरी वाटणाऱ्या त्या माणसाची मुद्रा खानखोजे यांची आहे, असे सांगतात. देशोदेशीचे प्रवासी ते चित्र पाहून जातात. त्यांतल्या किती जणांना तो माणूस विदर्भातला हे ठाऊक असेल? टीना मोदोत्ती या इटलीत जन्मलेल्या प्रसिद्ध छायाचित्रकार स्त्रीने खानखोजे यांच्या मक्याची छायाचित्रे घेतली. कणसाच्या दाण्यांच्या ओळी तिने एखाद्या शिल्पासारख्या टिपल्या आहेत. शास्त्र, कला आणि समाजकारण यांच्यामध्ये त्या काळी मेक्सिकोत भिंती नव्हत्या, हे यावरून ध्यानात येते.

कुटुंब

गोऱ्या वसाहतकाराच्या गाडीत त्याचे कुटुंब पहिल्या दिवसापासून होते. खानखोजे यांची गाडी पन्नाशी उलटेपर्यंत रिकामी होती. १९३६ साली त्यांनी मेक्सिकोत जीन अलेक्झांड्रिन सिंडिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. वधू बेल्जियमची, वर वर्ध्याचा आणि संसार मेक्सिकोचा. या दांपत्यास सावित्री आणि माया अशा दोन मुली झाल्या. नावे पाहावीत. मुलींची आई युरोपियन, जन्मभूमी मेक्सिको, आणि नावे मात्र आपल्या घरातली! परमुलखात माणूस घर बांधतो तेव्हा विटा तेथल्या वापरतो, पण उंबरा आपला घालतो, तशातलाच हा प्रकार वाटतो.

अशा कुटुंबाच्या वाट्याला येणारे प्रश्न सोपे नसतात. मुलींचा देश कोणता? ज्या देशाला त्यांनी पाहिले नाही तो, की ज्या देशात त्या वाढल्या तो? आणि बापाला परत जायचे असेल तर आईने कोणत्या देशाला परके म्हणायचे? स्वातंत्र्यवीरांची चरित्रे लिहिताना आपण त्यांच्या तुरुंगाचे दिवस मोजतो. त्यांच्या घरच्या माणसांनी काढलेले दिवस मोजायचे राहून जातात. खानखोजे यांच्या बाबतीत ही उणीव त्यांच्या मुलीनेच भरून काढली. सावित्री सॉहनी यांनी इंग्रजीत वडिलांचे चरित्र लिहिले. 'मी कधीही क्षमा मागणार नाही' असा त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ आहे. मराठीत वीणा गवाणकर यांनी खानखोजे यांचे चरित्र लिहून त्यांचा परिचय करून दिला. आपल्या ग्रंथालयात ही पुस्तके असावीत, अशी या लेखाच्या निमित्ताने नम्र सूचना करतो.

परतीची वाट

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. ज्या दिवसासाठी घर सोडले तो दिवस उगवला होता. खानखोजे यांनी मायदेशी येण्यासाठी परवानगी मागितली, आणि ती प्रथम नाकारण्यात आली! इंग्रजांनी तयार केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते. राज्य बदलले तरी दप्तर तेच राहिले होते. इंग्रजांविरुद्ध लढल्याबद्दल इंग्रजांनी घातलेली बंदी स्वतंत्र हिंदुस्थानच्या कचेरीने काही काळ तशीच पाळावी, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता? पुढे ही बंदी उठली. खानखोजे परत आले आणि सहकुटुंब नागपुरास स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ते गेले तेव्हा देशात शेतीचे नवे पर्व सुरू होत होते. १९६५-६६ च्या अवर्षणाने देश हादरला होता. १९६६ साली मेक्सिकोहून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे हिंदुस्थानात आणण्यात आले आणि त्यातून पुढे हरितक्रांती झाली. ज्या देशाला वर्ध्याच्या माणसाने शेतीचे धडे दिले, त्या देशातून आपल्याकडे बियाणे आले. योगायोग विलक्षण आहे. पण येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. त्या गव्हाच्या बुटक्या जाती डॉ. नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढल्या होत्या. बोरलॉग १९४४ साली मेक्सिकोत आले, आणि त्या जातींचा बुटकेपणा जपानी गव्हाकडून घेतलेला होता. म्हणून 'खानखोजे यांनीच हरितक्रांती केली' असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मेक्सिकोत शेतीसंशोधनाची आणि शेतकरीशिक्षणाची जी भूमी तयार झाली, ती तयार करणाऱ्यांत त्यांचा हात होता, एवढे निश्चित म्हणता येते. आणि तेवढे पुरेसे आहे. आपल्या माणसाला मोठे करण्यासाठी खोट्याची जोड देण्याची गरज नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो येथील कृषी विद्यापीठाच्या आवारात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्या निमित्ताने आपल्या वृत्तपत्रांत काही दिवस त्यांचे नाव झळकले. नंतर पुन्हा शांतता पसरली.

मूल्यमापन

अमेरिकन वसाहतकार आणि खानखोजे यांची तुलना केली असता काही गोष्टी स्पष्ट होतात. दोघेही समुद्रापलीकडून आले, दोघांनीही परक्या मातीत हात घातला. पहिल्याला राज्यसत्तेचे पाठबळ होते, कायदा त्याच्या बाजूने होता, आणि त्याने जमीन घेतली. दुसऱ्याच्या मागे कोणतीही सत्ता नव्हती, उलट तीन-चार सत्तांनी त्याला दार लावून घेतले होते. त्याने तेथे जमीन मिळविण्याची खटपट केली नाही, तेथील जमीन कसणाऱ्याला बियाणे आणि विद्या दिली. वसाहतकाराला आद्य म्हणायचे ते केवळ तो आधी गेला म्हणून की त्याने मागे काय ठेवले यावरून, याचा विचार इतिहासाने केला पाहिजे.

दुसरा मुद्दा असा की, त्यांचे क्रांतिकार्य अयशस्वी झाले असे वरवर पाहणारा म्हणेल. उठाव फसले, आघाड्या मोडल्या. परंतु ज्या दुःखासाठी ते लढत होते त्याचे मूळ भाकरीत आहे, हे त्यांनी ओळखले आणि लढाईचे मैदान बदलले. हेतू तोच राहिला. म्हणूनच त्यांच्या आयुष्याचे 'आधी क्रांतिकारक, नंतर शास्त्रज्ञ' असे दोन तुकडे करणे मला पटत नाही.

आपल्यासाठी

कनेरगाव नाका हे आमचे गाव. नावातला 'नाका' हा शब्दच सीमेची आठवण देतो. जवळून वाहणारी पैनगंगा एके काळी निजामाचे हैदराबाद संस्थान आणि इंग्रजी अंमलाखालील वऱ्हाड यांच्यामधली सीमारेषा होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती सीमा पुसली गेली. आज वाशिमकडे आणि हिंगोलीकडे जाणाऱ्या गाड्या नाक्यावर प्रवासी घेण्यापुरत्या थांबतात आणि पुढे जातात. त्या गाड्यांत दर वर्षी आमच्यातील काही जण पेटी घेऊन बसतात. कोणी पुण्याच्या कारखान्यात जातो, कोणी मुंबईत, कोणी स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला. माझ्या वर्गातील निम्मे विद्यार्थी परीक्षेनंतर गाव सोडतील. मीही त्यांत असेन. घरी थोडी कोरडवाहू जमीन आहे, वडील ती कसतात, आणि 'तू गेल्यावर हिचं काय?' हा प्रश्न ते तोंडाने विचारीत नाहीत, पण जेवताना तो ताटाशेजारी येऊन बसतो.

गाव सोडणे म्हणजे मातीशी बेइमानी, असे व्याख्यानांत ऐकतो. खानखोजे यांचे चरित्र वाचल्यावर हा प्रश्न इतका सोपा वाटत नाही. ते गाव सोडून गेले, पन्नास वर्षे दूर राहिले, आणि तरी शेतकऱ्याचे राहिले. उलट, जन्मभर गावातच राहून मातीकडे पाठ फिरविणारेही आपण पाहतो. माणूस कोठे राहतो यापेक्षा त्याची विद्या कोणाच्या उपयोगी पडते, ही खरी कसोटी आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या दाराशी आहे. पैनगंगेच्या पलीकडे पुसदजवळच्या गहुली गावी जन्मलेल्या वसंतराव नाईकांनी मुख्यमंत्री असताना संकरित ज्वारीचा ध्यास घेतला होता. म्हणजे आपल्याला दूर पाहण्याचीही गरज नाही. तरीही आज आमच्या शिवारात सोयाबीनचे बियाणे बहुतेक जण दर साल पिशवीतून विकत आणतात, आणि आढ्याची कणसे केव्हाच नाहीशी झाली. बियाणे निवडण्याची आजीची नजर आमच्या पिढीकडे आली नाही, हे आमचे मोठे नुकसान आहे.

यंदा सुट्टीत आजीला विचारून आमच्या घरी पूर्वी पेरल्या जाणाऱ्या ज्वारीच्या आणि मक्याच्या जातींची नावे आणि खुणा मी वहीत उतरवून घेणार आहे. ती आता थकली आहे, पुष्कळ विसरते. माझ्या वर्गबंधूंनी आणि भगिनींनीही आपापल्या घरी हे करावे, अशी विनंती आहे. पुढील वर्षी या अंकात त्या सर्व वह्यांमिळून एक लेख होऊ शकेल. वर्ध्याच्या एका मुलाने मेक्सिकोच्या कणसांची एवढी निगा राखली. आपण निदान आपल्या घरच्या कणसांची नावे तरी जपून ठेवावीत.